जागेला माणूस लागतंय

पुण्याहून धाकट्या भावाचा फोन येतो तो बहुतेक रविवारी, दुपारची जेवणं झाली की. मुलांच्या परीक्षा, वहिनीची पाठदुखी, इथलं ऊन, सगळं बोलून होतं आणि फोन ठेवायच्या आधी तो विचारतो, "ताई, एवढ्यात प्लॉटकडं चक्कर झाली का गं?"

२००९ साली आम्ही दोघांनी मिळून तो प्लॉट घेतला. तेव्हापासून हा प्रश्न चुकलेला नाही.

सोलापुरात हे घरोघरी आहे. शिकलेली मुलं पुण्याला जातात, तिथं नोकरीला लागतात, आणि हातात चार पैसे आले की गावाकडं जागा घेतात. पुण्यात दोन खोल्यांना जेवढे पडतात तेवढ्यात इथं प्लॉट येतो, शिवाय आपल्या गावात आपलं काहीतरी राहिलं याचं समाधान. मला ते समाधान कळतं. पण जागा घेणारा पुण्यात आणि जागा सोलापुरात, म्हटल्यावर मधलं सगळं इथं राहिलेल्या माणसावर येतं. आमच्याकडं ती मी. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची पंधरा वर्षं शाळा सुटल्यावर मी एक तर वर्गाच्या वह्या तपासत होते, नाही तर कुठल्या तरी जागेच्या कागदामागं फिरत होते.

जागा तीन. साखर पेठेतलं वडिलांचं घर, त्यात खालच्या दोन खोल्या भाड्यानं. जुळे सोलापुरातला भावाच्या नावावरचा फ्लॅट. आणि हद्दवाढ भागातला हा दोन गुंठ्यांचा प्लॉट.

फ्लॅटचा हिशोब आधी सांगते, कारण 'भाडं चालू राहील आणि किंमतही वाढेल' हे वाक्य मी आजवर पन्नास जणांच्या तोंडून ऐकलं असेल. २०१४ मध्ये मुद्रांक, नोंदणी, खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघरातली कपाटं धरून फ्लॅट २८ लाखांना पडला. भाडं आज ७,५०० येतं. वर्षाचे ९० हजार असं भाऊ फोनवर धरतो. पण दरवर्षी बारा महिने भाडं येतंच असं नाही. एक बिऱ्हाड जातं, दुसरं येतं, मधला महिना रिकामा जातो, म्हणजे ८२,५००. सोसायटीचे महिना हजार, त्याचे १२ हजार. घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून ९ हजारांच्या घरात. रंग, नळ, गिझर, मोटर, बाथरूमची गळती, हे एका वर्षी काहीच नसतं आणि दुसऱ्या वर्षी एकदम येतं. सरासरी ८ हजार धरा. हातात राहिले ५३,५००. अठ्ठावीस लाखांवर शेकडा दोनसुद्धा नाही. आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते, तेवढा दिलासा. पण ती सूट तुमचा खर्च कमी झाला काय आणि जास्त झाला काय, तेवढीच. सोसायटीचे पैसे त्यातून वेगळे वजा होत नाहीत.

राहता राहिली किंमत. दहा वर्षांत इमारतीच्या गच्चीला भेगा गेल्या, लिफ्ट दोनदा बदलली, आणि शेजारी नव्या इमारती उठल्या. विकायला काढलेल्या शेजारच्या फ्लॅटचा आकडा ऐकला तेव्हा मी भावाला सांगितलं, तुझे पैसे बँकेत असते तर मला एवढ्या पायऱ्या चढाव्या लागल्या नसत्या. त्याला वाईट वाटलं. मलाही बोलल्यावर वाईट वाटलं. पण आकडा खोटा नव्हता.

आणि पाणी. सोलापुरात घर बघायला आलेलं माणूस हॉल किती मोठा हे नंतर विचारतं. आधी विचारतं, "पाणी किती दिवसाआड येतं? बोअर आहे का? टाकी केवढी?" उजनी, टाकळी, हिप्परगा अशा तीन ठिकाणांहून शहराला पाणी येतं, तरी आम्ही वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआडच्या पाण्यावर जगत आलो. ज्या दिवशी पाणी येणार त्या दिवशी बायका लग्नाला जात नाहीत, हे मी बघितलंय. एका एप्रिलमध्ये सोसायटीचं बोअर आटलं आणि आमचे भाडेकरू, बँकेतले चांगले सालस गृहस्थ, लहान बाळ घेऊन पंधरा दिवस टँकरची वाट बघत बसले. मेमध्ये त्यांनी घर सोडलं. मी त्यांना थांबा म्हणू शकले नाही. त्यानंतर गच्चीवर हजार लिटरची आमची वेगळी टाकी बसवली, सोसायटीच्या दोन सभा त्यावर खर्ची पडल्या, आणि तेव्हापासून फ्लॅट कधी महिन्यापेक्षा जास्त रिकामा राहिला नाही. नवी फरशी घालण्यापेक्षा ती टाकी कामाला आली. सोलापुरात भाड्यासाठी घर घेणाऱ्यानं आधी गच्चीवर जावं आणि टाक्या मोजाव्यात, असं मी कुणालाही सांगेन.

भाडेकरू निवडताना एजंट आधी आडनाव विचारतो. मग खाणं विचारतो. मला हे फार लागतं. ज्या गावात एका गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी आणि उर्दू बोलली जाते, त्या गावात आडनावावरून दार बंद करायचं? सोसायटीचा विरोध घेऊन मी एकदा रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या एका परिचारिकेला फ्लॅट दिला. एकटी बाई, रात्री येणार-जाणार, म्हणून नको म्हणत होते. ती तीन वर्षं राहिली. एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढं गेलं नाही, आणि जिन्यात कुणाचा बीपी वाढला तर तिचंच दार वाजायचं. मला फसवलं ते एका अगदी 'चांगल्या घरच्या' माणसानं. चार महिने भाडं थकवलं, अनामत संपली, मुदत संपली, तरी हलेना. कायद्यानं मुदत संपल्यावर राहणाऱ्याकडून दुप्पट दरानं पैसे मागता येतात. पण ते मागायला अर्ज करणं, वकील गाठणं, तारखेला उभं राहणं, हे करणार कोण? भाऊ म्हणाला, "ताई, तू बघ ना." शेवटी त्या भाडेकरूच्या सासऱ्यांना मध्ये घालून, थकलेल्यातलं निम्मं सोडून देऊन, मी किल्ली घेतली.

त्या वेळी माझ्या हातात एक गोष्ट होती म्हणून मी निदान बोलू शकले: नोंदवलेला करार. ११ महिन्यांचा कागद नोटरीकडं केला की झालं, ही समजूत आपल्याकडं अजून घट्ट आहे. भाडेपट्टा वर्षाच्या वर गेला तर नोंदणी लागते, म्हणून अकरा महिन्यांची वाट कुणीतरी कधीतरी काढली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि २०००च्या मार्चअखेरीस लागू झाला, त्यानंतर भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदवलेला लागतो, मुदत कितीही असो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि त्याहून महत्त्वाचं, वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं ओझं मालकावर. हे मला शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या यजमानांनी, वकील होते ते, मधल्या सुट्टीत समजावून सांगितलं. मी घरी येऊन त्याच आठवड्यात सगळे करार नोंदवायला घेतले.

त्यात पेठेतल्या अक्काही आल्या.

अक्का आमच्या खालच्या खोलीत २००२ साली आल्या. नवरा यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला, त्या विड्या वळायच्या. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन बसायच्या, सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, आणि बोटं चालू. माझ्याशी बोलतानाही नजर वर असायची आणि विडी खाली आपोआप तयार व्हायची. करार ऑनलाइन करायला एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. माझा अंगठा उमटला, साक्षीदारांचे उमटले, अक्कांचा उमटेना. एजंट म्हणाला हात धुऊन या. धुऊन आल्या, पदराला पुसले, पुन्हा ठेवला. तर्जनी, मधलं बोट, दुसरा हात. यंत्र तांबडा दिवा दाखवत राहिलं. तेव्हा त्यांनी हात माझ्यासमोर धरला. बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, रेषाच राहिल्या नव्हत्या. पान दुमडून दुमडून घासलेल्या. "सगळं विडीत गेलं बघा बाई," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला काही बोलवेना. शेवटी डाव्या करंगळीला यंत्रानं हिरवा दिवा दाखवला तेव्हा त्यांच्या मुलीनं टाळ्या वाजवल्या.

अक्कांचं भाडं सुरुवातीला ६०० होतं, शेवटी १,८०० झालं. भाऊ म्हणायचा, बाजारभावाच्या निम्मं घेतेस. घेत होते. त्या बावीस वर्षांत वडिलांच्या शेवटच्या आजारपणात रात्री दोन वाजता रिक्षा बोलावणारं माणूस त्याच खोलीत राहत होतं, हे मी कुठल्या रकान्यात धरू?

१९ जानेवारी २०२४ ला कुंभारीत रे नगरच्या पहिल्या १५ हजार घरांच्या हस्तांतराचा कार्यक्रम झाला. पंतप्रधान आले होते, शहरात रस्ते बंद होते. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कागद-काच वेचणारे, अशा माणसांची ती घरं. त्यात अक्कांचं नाव होतं. त्या वर्षी त्यांनी खोली सोडली. टेम्पोत सामान भरून झाल्यावर त्यांनी खोली झाडून घेतली, कोपऱ्यातला तंबाखूचा भुगासुद्धा ओल्या फडक्यानं पुसला, आणि किल्ली माझ्या हातात देताना विचारलं, "बाई, आता मी पण मालकीण झाले की ओ?" मी त्यांची ओटी भरली. ती खोली पुढं पाच महिने रिकामी होती, कारण पेठेतल्या जुन्या खोल्यांतली बरीच बिऱ्हाडं तिकडं गेली. घरमालक म्हणून ते माझं नुकसान होतं आणि मी त्याबद्दल एक क्षणही हळहळले नाही.

आता प्लॉट. इथं मात्र हळहळले.

१९९२ मध्ये महापालिकेची हद्द वाढली, आजूबाजूची गावं शहरात आली, आणि तेव्हापासून आम्ही त्या सगळ्याला 'हद्दवाढ भाग' म्हणतो. शेतं तीच, ज्वारी तीच, पण बांधावर फलक लागले. आम्हाला एजंटनं रंगीत नकाशा दाखवला होता. वीस फुटी रस्ता, बाग, मंदिरासाठी जागा. बोरामणीला विमानतळ येणार अशी तेव्हा सगळीकडं चर्चा, त्यामुळं शहराच्या कुठल्याही टोकाचा एजंट 'विमानतळ झाला की दुप्पट' म्हणायचा. आज सोलापुरातून विमान उडतं ते जुन्या होटगी रोडच्या विमानतळावरूनच. बातमीवर जमीन घेतली की काय होतं याचा यापेक्षा जवळचा दाखला माझ्याकडं नाही.

दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. खरेदीखत झालं, सातबाऱ्यावर नाव लागलं, आम्ही पेढे वाटले. सातबारा नीट वाचला तो दोन वर्षांनी. त्यावर आमच्यासारखी आणखी अकरा नावं होती आणि क्षेत्र सामाईक. म्हणजे त्या गटात, त्या सबंध जमिनीत, आमचा हिस्सा होता, पण तो नेमका कुठं, हे सरकारच्या कुठल्याही कागदावर नव्हतं. शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७चा तुकडेबंदी कायदा आहे. आपल्याकडं २०२३ मध्ये ही मर्यादा बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे अशी ठरली. मग दोन गुंठे विकायचे कसे? तर अविभाज्य हिस्सा म्हणून विकायचे, आणि रंगीत नकाशा तोंडी द्यायचा. आमचा तो नकाशा कुणीही मंजूर केलेला नव्हता. जमीन बिगरशेती, म्हणजे एन.ए., नव्हती. बांधकाम परवाना मिळणार नव्हता, बँक कर्ज देणार नव्हती. एजंटनं खोटं काही सांगितलं नव्हतं म्हणा, आम्ही विचारलंच नव्हतं. 'एन.ए. आहे का' विचारलं तर 'होऊन जाईल' म्हणाला, आणि त्या 'होऊन जाईल'वर आम्ही सही केली.

मी गणित शिकवायची. दोन गुंठ्यांचे चौरस फूट पाठ होते. पण इतर हक्कांचा रकाना वाचावा, फेरफार मागं मागं जात बघावेत, मूळ मालकाच्या बहिणींनी सह्या केल्यात का, कुळाचं नाव राहिलंय का, भोगवटादार वर्ग एक की दोन, वर्ग दोन असेल तर परवानगीशिवाय विक्रीच होत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आता मी आमच्या ओळखीत कुणी जमीन घेत असेल तर स्वतःहून जाते आणि सातबारा मागते. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून घ्या म्हणते. लोकांना ते अपशकुनासारखं वाटतं. वाटू दे.

गुंठेवारीच्या, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यांत तुकडे पाडून विकलेल्या, अशा जागा नियमित करायला २००१ चा कायदा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या जागांसाठी वाढली. म्हणून आम्ही बाराजण हललो. हललो म्हणजे मी हलले. बाराजणांपैकी पाच पुण्यात, एक बंगळूरला, एक वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच नाही. प्रत्येकाची सही मिळवायला आठ महिने गेले. मग संपूर्ण गटाची हद्द कायम करायची सरकारी मोजणी मागितली. शेजारच्या शेतकऱ्यांना नोटिसा गेल्या. दोनदा तारीख पुढं गेली.

मोजणीचा तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मार्चचा महिना, सकाळी अकरालाच डोकं तापलं होतं. वेड्या बाभळींत पाय ठेवायला जागा नव्हती. मोजणी करणारे तरुण होते, तिकाटण्यावर यंत्र लावलं, त्यांचा माणूस काठी घेऊन बाभळींत शिरला. ते मधूनच म्हणायचे, "मागं... अजून मागं... थांबा." काठी थांबली तिथं दगड लावायचा. पूर्वेकडचा दगड आला तो शेजारच्या शेताच्या तालीवर, म्हणजे बांधावर, आला नाही, अलीकडं आला. शेजारचे काका धोतराचा सोगा धरून उभे होते. मला वाटलं आता भांडण. ते शांतपणे म्हणाले, "तुमचा एजंट आमच्या तालीपर्यंत हात करून दाखवायचा, मी बघत होतो. सांगणार कुणाला, येतंय कोण इथं? जागेला माणूस लागतंय, बाई."

गटाची बाहेरची हद्द अशी ठरली. आत प्लॉट पाडायला आम्ही खासगी सर्व्हेअर लावला. रस्ता रंगीत नकाशात वेगळा दाखवला होता, प्रत्यक्षात तो प्रत्येकाच्या दोन गुंठ्यांतूनच निघाला. आमच्या वाट्याला १,९६० चौरस फूट आले. चार कोपऱ्यांना चार दगड पुरले. मी चुना नेला होता, हातानंच फासला.

त्या काकांचं वाक्य मी भावाला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. मालकी हक्काच्या दाव्यालाही मुदत असते, दुसऱ्यानं मालक असल्यासारखा उघड ताबा ठेवला आणि आपण बारा वर्षं गप्प बसलो तर कोर्टात आपलं म्हणणं टिकणं अवघड होतं, हेही सांगितलं. आणि म्हटलं, गेली पंधरा वर्षं या जागेत पैसे आपण निम्मे-निम्मे घातले, पण पाय माझेच लागलेत. मला गुडघ्यांचा त्रास सुरू झालाय. मी हे रागानं बोलले नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही.

या जानेवारीत तो गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, आला. दरवर्षी येतो, अक्षता सोहळा झाला की रात्रीच्या गाडीनं परत जातो. या वेळी थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी, तो आणि मी प्लॉटवर गेलो. तीन दगड सापडले. चौथा सापडेना. तिथून महापालिकेच्या गटारीचं काम गेलं होतं, मातीचा ढीग पडला होता. भावानं काकांच्या शेतातून टिकाव मागून आणला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खणायला लागला. हातभर खाली दगडाला टिकाव लागला. वहिनीनं हातानं माती बाजूला केली. माझा चुना त्यावर पुसट राहिला होता.

त्यानं चारी दगडांना नवा चुना लावला. मग मोजणीच्या नकाशाची घडी उघडून एकेका दगडाशी उभा राहून बघितलं, काकांचा नंबर मोबाइलमध्ये घेतला, आणि महापालिकेतला गुंठेवारीचा अर्ज सोमवारी किती वाजता द्यायचा, ते मला विचारलं.